ड्रॅगन चालेल, प्रेमप्रकरण नको

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. भाचीला नुकतंच तेरावं लागलंय, शाळा इंग्रजी माध्यमाची, हॅरी पॉटरची ३ पारायणं झालेली. वाढदिवसाला पुस्तक घ्यायचं म्हणून तुम्ही दुकानात गेलात, फँटसीच्या कप्प्यातली चार पुस्तकं पालथी करून मागचा मजकूर वाचलात, तर चारही ठिकाणी कुणीतरी देखणा, तुसडा, शापित राजपुत्र उभा. भाचीची आई म्हणते, असलं काही घरात आणू नकोस. आणि भाची स्वतः काय म्हणते ते तुम्ही शेवटी कंसात टाकलंय: "ते सुरू झालं की गोष्ट थांबते, मग मी पानं उलटते." शिवाय जाता जाता विचारलंय, तुमच्यासाठीही एखादं सुचवता येईल का.

मला यातलं कंसातलं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. आईची अट पाळणं तसं सोपं आहे. प्रेमप्रकरण नसलेली पुस्तकं ढिगानं आहेत, त्यातली बरीचशी रटाळही आहेत. भाचीची तक्रार मात्र मुरलेल्या वाचकाची आहे. तिला प्रेमाचं वावडं नाही, गोष्टीची गाडी मध्येच सायडिंगला लागते याचा राग आहे. म्हणून पुस्तक निवडताना "यात प्रेम आहे का?" याच्या आधी "ही गोष्ट कशावर चालते?" असं विचारायला हवं. एखादी गोष्ट प्रवासावर चालते, एखादी कोड्यावर, एखादी भीतीवर, एखादी निव्वळ पोट भरण्याच्या धडपडीवर. अशा पुस्तकात कोपऱ्यात एखादं लग्न लागलं तरी तेराव्या वर्षीचा वाचक त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मी १९ वर्षं वाचनालय चालवते. दोन खोल्या, एक पोटमाळा आणि मुलांच्या पुस्तकांसाठी खिडकीखाली एक लांब कपाट. देवघेवीच्या नोंदवहीशिवाय माझी एक वेगळी वही आहे. मुलं पुस्तक परत करायला आली की मी "आवडलं का?" असं विचारत नाही, कारण त्यावर सगळी "हो" म्हणतात. मी विचारते, "कुठे कंटाळा आला?" जे उत्तर येईल ते वहीत जातं. खाली जे लिहिते आहे ते बरंचसं त्या वहीतून.

आधी "क्लीन" पुस्तक म्हणजे नेमकं काय, ते बघू. काउंटरशी येऊन आईवडील विचारतात, "यात काही वाईटसाईट नाही ना?" या एका प्रश्नात चार चाळण्या असतात आणि प्रत्येक घरात वेगळी चाळण वापरात असते. प्रेमाच्या बाबतीत काहींना चुंबनसुद्धा नको असतं. काहींना प्रेम चालतं, पण खोलीचं दार लागलं की लेखकानं बाहेर थांबावं असं वाटतं. काहींना शिव्या खटकतात, काहींना रक्तपात, आणि थोड्यांना देवाधर्माची चेष्टा. तुमच्या घरात नेमकी कुठली चाळण आहे ते भाचीच्या आईला नीट विचारून घ्या. मी एकदा विचारलं नव्हतं, त्याची शिक्षा चांगली लक्षात आहे.

रिचर्ड ॲडम्सचं 'वॉटरशिप डाउन' (१९७२). सशांचा एक कळप आपलं बीळ सोडून नव्या जागेच्या शोधात निघतो, अशी गोष्ट. माझ्या वहीत त्यापुढे "प्रेमप्रकरण: शून्य" असं लिहिलेलं होतं आणि ते आजही बरोबरच आहे. पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सगळी धडपड माद्या मिळवण्यासाठी आहे, पण ती निव्वळ वंश टिकवायला. त्यात हुरहुर वगैरे काही नाही, ससे व्यवहारी आहेत. एका आईनं ९ वर्षांच्या मुलासाठी "काहीतरी निर्मळ" मागितलं आणि मी हे इश्यू केलं. मुखपृष्ठावर ससा, आत ससा, म्हटलं याहून निर्मळ काय असणार! चौथ्या दिवशी त्या परत आल्या. कळपातला सगळ्यात दांडगा ससा तारेच्या फासात अडकतो, तोंडाशी रक्ताचा फेस येतो, बाकीचे ससे दातांनी खुंटी कुरतडून त्याला सोडवायला बघतात, हे वाचून मुलगा दोन रात्री दिवा लावून झोपला होता. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अहो, यापेक्षा एखादी पप्पी परवडली असती." तेव्हापासून माझ्या वहीत एकाच्या जागी चार रकाने आहेत. तुमच्या भाचीला हे पुस्तक जरूर द्या, १३व्या वर्षी ते पचतं आणि आयुष्यभर सोबत राहतं. पण आधी सांगून द्या की यात ससे मरतात.

आता दुकानात असं का दिसतं, त्याबद्दल थोडं. इंग्रजी प्रकाशक मुलांच्या पुस्तकांचे ढोबळ दोन कप्पे करतात. साधारण ८ ते १२साठी 'मिडल ग्रेड' आणि त्यापुढे 'यंग अडल्ट'. तुमची भाची बरोब्बर या दोन कप्प्यांच्या उंबरठ्यावर उभी आहे. अलीकडच्या पहिल्या कप्प्यातलं बरंचसं तिला बाळबोध वाटणार आणि दुसऱ्यात पाऊल टाकलं की प्रेमाचा त्रिकोण जवळजवळ ठरलेला. १९६०-७०च्या दशकात ही भिंत इतकी पक्की नव्हती. तेव्हा मुलांसाठी लिहिलेल्या फँटसीत मृत्यू, अहंकार, अपराधीपणा हे सगळं यायचं आणि प्रेमप्रकरण सक्तीचं नव्हतं. म्हणून माझ्या यादीत जुनी पुस्तकं जास्त आहेत. जुनं ते सोनं असलं काही माझं म्हणणं नाही, त्या काळातलं भंगारही मी भरपूर रद्दीत घातलंय.

पहिलं नाव अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीचं. एका प्रकाशकानं त्यांना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा असं सुचवलं, त्यातून हे आलं. दोनेकशे पानांचं पुस्तक. बेटांच्या जगातला गेड नावाचा शेळ्या राखणारा पोरगा, अंगात जादूची उपजत ताकद, आणि त्याहून जास्त गुर्मी. त्याचा पहिला गुरू ओगियन हा फार कमी बोलणारा माणूस. गेडला वाटतं, आता मंत्र मिळतील, विजा पाडता येतील. गुरुजी त्याला डोंगरातून नुसते चालवतात. पाऊस येतो. दुसरा कुठलाही जादूगार मंत्र टाकून ढग पलीकडे ढकलून देतो, हे गेडला माहीत आहे. ओगियन पावसाला पडू देतो, एक दाट झाड बघतो आणि त्याच्याखाली आडवा होतो. गेड बाजूच्या झुडपात भिजत, धुमसत पडून राहतो. आमच्याकडची एक मुलगी म्हणाली होती, "मला तिथे गुरुजींचाच राग आला, आणि पुस्तक संपल्यावर स्वतःचा." एवढं एक वाक्य वहीत असलं की ते पुस्तक मी डोळे मिटून कुणालाही देते.

या जगात प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं आणि ते कळलं की तिच्यावर ताबा मिळतो. म्हणून माणसं खरं नाव झाकून ठेवतात आणि हाक मारायला दुसरंच वापरतात. आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं दुसरं आणि घरातलं तिसरंच, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पुढे गुर्मीच्या भरात गेड नको ती विद्या करून बसतो, त्यातून एक सावली सुटते, आणि आधी ती त्याच्या मागे, मग तो तिच्या मागे, अशी सगळी गोष्ट. मध्ये एका किल्ल्यात एक सुंदर स्त्री त्याला भुरळ घालू पाहते, पण तो सरळसरळ सापळा आहे आणि काही पानांत आटोपतो. गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे, त्याच्या जिवलग मित्राचा त्याहून काळा. गोऱ्यापान राजपुत्रांच्या गर्दीत आमच्या मुलांना हे जाणवतं, ती बोलून दाखवत नाहीत एवढंच.

दुसरा भाग 'द टूम्स ऑफ अटुआन' (१९७१) मला स्वतःला पहिल्याहून प्रिय आहे. एका लहान मुलीला घरातून उचलून अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण करतात, तिचं नावसुद्धा काढून घेतात. मिट्ट काळोखातलं भुयार तिला हाताच्या स्पर्शानं पाठ झालेलं. मग तिथे एक परका पुरुष शिरतो. कुठल्याही आजच्या पुस्तकात इथून प्रेमकथा सुरू झाली असती. इथे सुरू होतो तो विश्वास, फार हळूहळू, पाण्याच्या घोटाघोटानं. तिसरा 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) जरा जड आणि मृत्यूबद्दलचा, तोही चालेल. पण चौथा 'तेहानू' (१९९०) आत्ता नको. तो ले ग्विन यांनी बऱ्याच वर्षांनी, मोठ्यांच्या नजरेनं लिहिला. त्यात अत्याचार करून आगीत ढकलून दिलेली एक लहान मुलगी आहे, आणि मध्यमवयीन माणसांचं शारीरिक जवळ येणंही. पुस्तक थोर आहे, १३व्या वर्षासाठी नाही. आता यातली गोम सांगते: पहिले चार भाग एकत्र बांधलेली जाडजूड आवृत्ती मिळते, तीच स्वस्त पडते, आणि वाढदिवसाला हमखास तीच आणली जाते. तुम्ही सुटे भाग घ्या.

टॉल्किनचं 'द हॉबिट' (१९३७) तुम्हाला ठाऊक असेलच. यात प्रेमप्रकरण सोडा, बोलणारं स्त्रीपात्रही नाही. मुलीला देताना मला ते थोडं टोचतं, पण पुस्तकाची चाल अशी आहे की मुली तक्रार करत नाहीत. पन्नाशीचा, वेळेवर न्याहारी लागणारा बिल्बो, त्याच्या दारात एकामागून एक येऊन थडकणारे १३ बुटके, आणि कोठीघर रिकामं होताना बघून त्याचा उडालेला जीव. घरी न सांगता पाहुणे आले की आपल्याकडे जे होतं ते हुबेहूब. अंधाऱ्या गुहेतल्या पाण्याकाठी गॉलम नावाच्या विचित्र प्राण्याशी कोडी घालण्याचं प्रकरण मी वाचनालयात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्यानं वाचते, कोडी आधी मुलांना घालते आणि उत्तरं आल्याशिवाय पुढे जात नाही. कुणी म्हणालं की यात एल्फ बाई आणि बुटक्याची प्रेमकथा आहे, तर त्यांनी सिनेमा पाहिलाय. ती भानगड सिनेमावाल्यांनी घातली, पुस्तकात तिचा मागमूस नाही. याचा मराठी अनुवादही झालेला आहे. घरात आजी असेल तर तो आणा, दोघी मिळून वाचतील.

तुमची भाची जरा खवचट असेल, म्हणजे मोठ्यांच्या बोलण्यातल्या चुका काढणाऱ्यांपैकी, तर टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन' (२००३) सगळ्यात आधी द्या. टिफनी ९ वर्षांची, मेंढ्या पाळणाऱ्या घरातली, दूध-लोण्याच्या कामात तरबेज. नदीतून एक हडळ डोकं वर काढते. परीकथांच्या पुस्तकात तिचे डोळे सूपच्या बशीएवढे असं लिहिलेलं. टिफनी घरी जाते आणि पट्टी घेऊन सूपची बशी मोजते. ८ इंच. मग कढई उचलते, म्हणजे मुळात ती तळणीची दांड्याची लोखंडी तवी आहे, पण आमच्या पोरांनी तिला कढईच करून टाकलंय. धाकट्या भावाला आमिष म्हणून काठावर बसवते आणि हडळ वर येताच हाणते. पोरीची विचार करण्याची ही पद्धतच पुस्तकभर पुरते. तिच्या बाजूनं लढणारे वीतभर उंचीचे निळे, भांडकुदळ, दारुडे वीर आहेत. त्यांची स्कॉटिश वळणाची बोली पहिली ३०-४० पानं अडवते. भाचीला सांगा, मोठ्यानं वाच, कळतं. मध्ये लग्नाचा एक पेच येतो, तोही टिफनी असा सोडवते की वाचणारा खिदळतो. मात्र याच मालिकेच्या तिसऱ्या भागात टिफनी १३ वर्षांची होते आणि साक्षात हिवाळाच तिच्यावर लट्टू होतो. प्रकरण सोवळंच आहे, पण भाचीला आधी कल्पना द्या.

इथे तो नियम सांगून टाकते जो मला वहीतून सापडला. मालिकेत नायक मोठा होतो आणि प्रेमप्रकरण त्याच्या वयाबरोबर येतं. पहिला भाग वाचून सातव्याची हमी देऊ नये. हॅरी पॉटरचंच बघा ना, पहिले तीन भाग कोरडे ठणठणीत, चौथ्यात नाचाला कुणाला घेऊन जायचं याची धांदल आणि सहाव्यात जो तो कुणाच्या तरी मागे. तुमच्या भाचीला विचारा, पारायण करताना ती सहाव्यातली कुठली पानं उलटते. तिच्या उत्तरावरून तुम्हाला तिची सहनशक्ती अचूक कळेल, माझ्या यादीपेक्षा नेमकी. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा नायकाचं वय बघा आणि मग मालिकेतला कितवा भाग आहे ते. नायक १० वर्षांच्या आतला, किंवा पन्नाशीच्या पुढचा, किंवा ससा असेल तर तुम्ही बहुतेक निर्धास्त. १६ ते १९ असेल तर मागचा मजकूर दोनदा वाचा.

मागच्या मजकुरातले काही शब्द मी मुलांच्या आईवडिलांना पाठच करायला लावते: 'रोमँटसी' (प्रेमकथेवर चालणारी फँटसी), 'स्लो बर्न' (हळूहळू पेटणारं प्रेम), 'एनिमीज टू लव्हर्स' (आधी वैर, मग प्रेम), 'स्पाइस' (उघड शृंगार). यातला एकही दिसला तर पुस्तक मोठ्यांचं समजावं, मग मुखपृष्ठावर ड्रॅगन असो की परी. 'फोर्थ विंग' (२०२३) यात ड्रॅगनांची शाळा आहे एवढं ऐकून आमच्याकडे सहावीतली मुलं मागायला आली होती. ती मोठ्यांसाठीची, उघड शृंगार असलेली कादंबरी आहे. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) तर सुरुवातीला किशोरवयीनांच्या कप्प्यात विकली गेली, नंतर ती मोठ्यांच्या रूपात आली. म्हणजे दुकानातला कप्पासुद्धा पुरावा नाही. ही पुस्तकं वाईट आहेत असं नाही, माझ्या सभासदांत त्यांच्या पन्नाशीतल्या चाहत्याही आहेत आणि त्या पुस्तक वेळेवर परत करतात. फक्त ती वेगळ्या भुकेची आहेत.

नव्यातलं एक मात्र मी हक्कानं सांगते. टी. किंगफिशर यांचं 'अ विझर्ड्स गाइड टू डिफेन्सिव्ह बेकिंग' (२०२०). १४ वर्षांची मोना मावशीच्या बेकरीत काम करते आणि तिची जादू फक्त पिठावर चालते, बाकी कशावर नाही. तळघरात बादलीत आंबवलेलं एक जुनं पीठ आहे, त्याचं नाव बॉब, आणि बॉबला स्वतःची मर्जी आहे. ज्या घरात इडलीचं पीठ फुगून रात्री भांड्याबाहेर आलेलं आहे तिथे बॉबची ओळख करून द्यावी लागत नाही. पुढे शहरावर संकट येतं, मोठी माणसं कामाला येत नाहीत, आणि मोनाला पावाच्या फौजेनिशी उभं राहावं लागतं. पुस्तकातला खरा राग तोच आहे, की हे काम एका लेकरावर का यावं. प्रेमप्रकरण नाही. पण सुरुवातच बेकरीतल्या फरशीवर पडलेल्या प्रेतानं होते, हे आईच्या कानावर घाला.

आणि मिखाएल एंडे यांचं 'मोमो' (१९७३), मूळ जर्मन, इंग्रजीत मिळतं. पडक्या नाट्यगृहात राहणारी एक अनाथ मुलगी, जिचं कसब एकच, ती ऐकते. शहरात राखाडी कपड्यातली, चिरूट ओढणारी माणसं येतात आणि लोकांना वेळ वाचवायला शिकवतात, वाचलेला वेळ अर्थात स्वतः लाटतात. यात बेप्पो नावाचा एक रस्ते झाडणारा म्हातारा आहे. तो सांगतो की लांबलचक रस्ता समोर असला की सगळा रस्ता बघायचा नाही. एक पाऊल, एक श्वास, एक झाडूचा फटकारा, मग पुढचं पाऊल. आमच्याकडचा दहावीतला एक मुलगा हे पान फोटो काढून अभ्यासाच्या टेबलावर लावून बसला होता. भाची लहान वाटत असेल तरी हे द्या. मोठी वाटत असेल तरी.

मराठीत मूळचं असं काही नाही का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दर वेळी कुणीतरी विचारतंच. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या अद्भुतरम्य कादंबरीचा पायाच प्रेमावर घातला गेला. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) ही सगळी नायक-नायिकांची ताटातूट आणि मीलन. हातिमताई जरा निराळा. सात सवालांसाठी रानोमाळ वणवण हातिमची आणि लग्न भलत्याचंच! पण त्यातल्या बाकीच्या गोष्टी सोवळ्या नाहीत. मुलांसाठी निखळ जादू म्हणाल तर रत्नाकर मतकरींची नाटकं आहेत, 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस'. ती वाचण्यापेक्षा बघावीत आणि तेराव्या वर्षी ती थोडी उशिराची होतील. नारायण धारप या वयाला खुणावतात, पण तो भयकथेचा प्रांत, त्याची चाळण वेगळी.

तुमच्यासाठी: सुझॅना क्लार्क यांचं 'पिरानेसी' (२०२०). अडीचशेच्या आसपास पानं. एक माणूस एका अफाट घरात राहतो, दालनांमागून दालनं, सगळीकडे संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्राच्या भरत्या. तो मासे धरतो, रोजनिशी लिहितो आणि हिशेब ठेवतो, की जगात आजवर एकूण १५ माणसं झाली, त्यातली १३ हाडांच्या रूपात आहेत. त्या हाडांना तो फुलं वाहतो, त्यांची विचारपूस करतो. या माणसाचं काय झालंय हे तुम्हाला त्याच्या आधी कळायला लागतं आणि पोटात खड्डा पडतो. प्रेमकथा नाही. खून आहे, थोडी शिवराळ भाषा आहे, भाचीला दोनेक वर्षांनी. 'स्मॉल गॉड्स' (१९९२) हे प्रॅचेटचं मोठ्यांसाठीचं पुस्तकही प्रेमाविना चालतं. एका बलाढ्य देवाचा कासव झालाय, कारण त्याच्यावर मनापासून श्रद्धा असलेला भक्त एकच उरलाय. घरात देवाधर्मावरची थट्टा चालत नसेल तर हे तुमच्या उशाशीच ठेवा.

आणखी एक विचारून ठेवते: भाची वाचते किती भरभर? आठवड्याला एक पुस्तक संपवणारीला 'अर्थसी' तीन दिवस पुरेल आणि ती पुढचा भाग मागेल. रेंगाळत वाचणारीला 'वॉटरशिप डाउन'ची चारशेच्यावर पानं डोंगर वाटतील. माझ्या अंदाजानं, हॅरी पॉटर ३ वेळा वाचणारी मुलगी जग आवडलं की तिथेच मुक्काम ठोकणाऱ्यांतली आहे, तिला एकेकटं पुस्तक देण्यापेक्षा मालिका रुचेल. म्हणून वाढदिवसाला 'अर्थसी'चे पहिले तीन सुटे भाग द्या, आणि 'द वी फ्री मेन' तुमच्याकडे ठेवून तिला सुट्टीत राहायला बोलवा.

दुकानात उभ्या उभ्या पारखायचं झालं तर मी काय करते तेही सांगते. शेवटचं प्रकरण उघडते, कारण गोष्टीला काय महत्त्वाचं वाटत होतं ते तिथे उघडं पडतं: कुणी घरी परत येतंय, कुणी काही गमावलंय, की दोघं गच्चीवर उभी आहेत. मग साधारण दोन-तृतीयांशावर बोट घालून चार पानं वाचते, लेखकाला चुंबन द्यायचं असेल तर ते बहुधा तिथे आसपास असतं. आणि अनुक्रमणिकेत नाच, मेजवानी किंवा जत्रा दिसली तर ते प्रकरण वाचूनच पुस्तक घेते. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार पहिल्यांदा बघतो, दुसऱ्यांदा स्टूल आणून देतो.

भाचीनं पहिला भाग संपवला की तिला तो प्रश्न विचारा, कुठे कंटाळा आला म्हणून. जे सांगेल ते मला इथे कळवा, त्यावर पुढचं पुस्तक ठरवू.